रेटिंगने बऱ्याच वरच्या खेळाडूशी बरोबरीसाठी खेळावे का?

आपले बुद्धिबळातले रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) 1500 आहे, क्लबच्या स्पर्धेत 1900 रेटिंगच्या खेळाडूशी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळायचे आहे, आणि लवकर मोहऱ्यांची मारामारी (अदलाबदल) करून डाव बरोबरीकडे न्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तसे मुळीच करू नये.

फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) कोष्टकानुसार रेटिंगमधल्या 400 गुणांच्या फरकात आपल्याकडून डावाच्या केवळ 0.08 गुणाची अपेक्षा असते (विजयाला 1, बरोबरीला अर्धा). के-गुणक (एका डावाने रेटिंग किती बदलावे हे ठरवणारा आकडा) 20 धरला, तर हरल्यास रेटिंगचे 1.6 गुण जातात, बरोबरीत 8.4 मिळतात आणि जिंकल्यास 18.4. म्हणजे भिऊन खेळण्याचे कारणच उरत नाही.

दुसरे असे की, मोहरी कमी झाली म्हणून डाव सोपा होत नाही. उलट क्लबच्या पातळीवर ताकदीतला फरक सर्वांत ठळक दिसतो तो डावाच्या अंतिम भागातच. हत्ती आणि एक प्यादे विरुद्ध नुसता हत्ती ही स्थिती घ्या, नुसता हत्ती आपल्याकडे. आपला राजा प्याद्याच्या वाटेत असेल, तर हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत धरून ठेवायचा आणि प्यादे त्या ओळीत आले की तो पटाच्या पलीकडच्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचे, ही बरोबरी राखण्याची फिलिडोर या जुन्या फ्रेंच खेळाडूची रीत. 1900 च्या खेळाडूला ती बहुधा पाठ असते; आपल्याला ती घड्याळात पाच मिनिटे उरली असताना पटावर शोधावी लागते. मोठ्या खेळाडूंनाही असा बचावात्मक पवित्रा महागात पडलेला आहे: 1990 च्या मनिला इंटरझोनलच्या (जगज्जेतेपदासाठीच्या पात्रता स्पर्धेच्या) शेवटच्या फेरीत मिखाईल गुरेविच यांना बरोबरी पुरेशी होती, त्यांनी नायजेल शॉर्ट यांच्याविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी फ्रेंच बचावाचा एक्स्चेंज प्रकार (सुरुवातीलाच प्याद्यांची अदलाबदल करून डाव समतोल ठेवणारा) निवडला आणि ते हरले.

तेव्हा रोजच्या सरावातलीच सुरुवात खेळा, किल्लेकोट वेळेवर करा, वजीर पटावर राहू द्या, आणि प्याद्यांची रचना कायमची बदलणारी चाल येईल तेव्हा घड्याळाची पर्वा न करता विचार करा, कारण अशा एकदोन चालींवरच पुढचा सगळा डाव ठरतो. बरोबरीचा प्रस्ताव आपली स्थिती किंचित सरस असतानाच द्यावा, कारण वरचा खेळाडू तो गांभीर्याने घेतो तो तेव्हाच. आणि तोही नियमाप्रमाणे, चाल केल्यानंतर व घड्याळ दाबण्यापूर्वी.