काढला की बंद पडतं, म्हणून काय?

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. उत्क्रांती न मानणाऱ्या समोरच्याने जिवाणूच्या कशाभिकेचं, म्हणजे मोटरीसारखं फिरून त्याला पोहायला लावणाऱ्या शेपटाचं, चित्र पुढे केलं, "यातला एक भाग काढ, मोटर बंद, मग अर्धवट मोटर कुणाच्या कामाची?" असं विचारलं आणि तुला काही सुचेना. तू गप्प राहिलीस ते मला आवडलं. पाठ केलेलं उत्तर तोंडावर फेकण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

आधी त्याचा मुद्दा मांडायला शीक, त्याच्यापेक्षाही नेटका. मायकल बीही या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तो उंदराच्या सापळ्यावरून समजावला. फळी, स्प्रिंग, दांडी यांतलं काहीही काढलं की सापळा कमी उंदीर पकडतो असं नाही, एकही पकडत नाही. नैसर्गिक निवडीला तर प्रत्येक पायरीवर काहीतरी उपयोग लागतो. मग अशी यंत्रणा पायरीपायरीने घडली कशी? प्रश्न रास्त आहे. लहान लहान बदलांतून घडणं शक्यच नाही असा एक जरी अवयव दाखवता आला तर आपला सिद्धांत कोसळेल, हे खुद्द डार्विनने १८५९ मध्ये लिहून ठेवलंय.

पण यात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली आहे: आज ज्या भागावाचून अडतं, त्याच्यावाचून पहिल्या दिवसापासून अडत होतं. तसं असायलाच हवं असं कुठे आहे? आधी नुसता उपयोगी असलेला भाग पुढे बाकीचे बदलत गेल्यावर अत्यावश्यक होऊन बसतो, हे हर्मन मुलर या आनुवंशशास्त्रज्ञाने १९१८ मध्येच सांगितलं होतं.

याचं एकच उदाहरण घे, पण मुळापासून समजून घे. पेशीत आम्लता राखणारा एक प्रोटॉन पंप असतो आणि त्यात प्रथिनांचं एक कडं असतं. प्राण्यांमध्ये हे कडं दोन प्रकारच्या प्रथिनांचं, बुरशींमध्ये तीन. यीस्टमध्ये तिघांपैकी कुठलंही एक काढलं की पंप बंद पडतो आणि भरपूर कॅल्शियम असलेल्या माध्यमात ते यीस्ट वाढत नाही. बीहीच्या व्याख्येत चपखल बसणारी वस्तू! जीवशास्त्रज्ञ जो थॉर्नटन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आजच्या जनुकांची तुलना करून तिघांपैकी दोन प्रथिनांच्या पूर्वज जनुकाचा क्रम काढला, ते जनुक नव्याने बनवलं आणि यीस्टमध्ये घातलं. ती दोन प्रथिनं काढून टाकलेली, त्यांच्या जागी एकटं पूर्वज प्रथिन, आणि यीस्ट वाढलं. म्हणजे एके काळी दोघांचं काम एकच करत होतं. मग त्या जनुकाच्या दोन प्रती झाल्या. पूर्वज प्रथिन कड्यात या दोघांच्याही जागी बसू शकायचं. पहिल्या प्रतीने शेजाऱ्याला एका बाजूने धरण्याची क्षमता गमावली, दुसरीने दुसऱ्या बाजूने. प्रत्येकीत एकेक बदल एवढ्याला पुरेसा होता, हेही त्यांनी करून पाहिलं. आता दोघी लागतातच. २०१२ साली हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ खुर्चीतून उठलो नव्हतो. गुंतागुंत वाढली होती, आणि ती काहीतरी गमावल्यामुळे!

कशाभिकेबद्दल बोलताना मात्र जपून. काही रोगकारक जिवाणूंकडे दुसऱ्या पेशीत प्रथिनं टोचणारी सुईसारखी यंत्रणा असते. तिची बरीच प्रथिनं कशाभिकेच्या तळाशी असलेल्या प्रथिनांच्या नात्यातली आहेत. "हीच कशाभिकेची पूर्वज" असं सांगून आपल्याच बाजूचे लोक मोकळे होतात. तू तसं म्हणू नकोस. जनुकांची वंशावळ बहुधा उलट दिशेने जाते. सुईच कशाभिकेपासून निघालेली दिसते. शेपूट नसतानाही तळाचा भाग निराळ्या कामी येतो, एवढंच त्यावरून म्हणता येतं, आणि "अर्धवट मोटर कुणाच्या कामाची" याला तेवढं उत्तर पुरतं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर खटल्याचा, म्हणजे शाळेत उत्क्रांतीला पर्याय म्हणून 'बुद्धिमान रचना' मांडण्याबद्दलच्या खटल्याचा, २००५ चा निकालही वादात आणू नकोस. शाळेत काय शिकवावं ते न्यायालयाने ठरवलं. प्रथिनं कशी घडली ते प्रयोगशाळेतच कळणार.

आता ते कडं कागदावर काढ. तिन्ही प्रथिनांना वेगवेगळे रंग दे, कुणाची कुठली बाजू कुणाला धरते ते बाणांनी दाखव. मग पूर्वजाच्या चित्रापासून सुरुवात करून एकेक बाण खोडत जा. कुठल्या बाणापाशी तिसऱ्या प्रथिनावाचून चालेनासं होतं ते सापडलं, की तो कागद मला पाठव.