ग्रंथालयाने नवा संग्रह आल्याचे जाहीर केले, तरी तो कॅटलॉगमध्ये का सापडत नाही?

दुर्मिळ कागदपत्रांचा संग्रह विद्यापीठ ग्रंथालयाला मिळाल्याची बातमी आणि तो वाचकांना प्रत्यक्ष पाहायला मिळणे, यांत बरेचदा अनेक महिने, क्वचित काही वर्षेही जातात. आलेली खोकी आधी वेगळी ठेवून बुरशी आणि कसर तपासली जाते; मग गंजलेल्या टाचण्या काढून, पत्रे आणि टिपणे मूळ मालकाने लावलेल्या क्रमानेच आम्लमुक्त कागदाच्या फोल्डरमध्ये ठेवली जातात, कारण तो क्रमही अभ्यासकाच्या दृष्टीने पुरावाच असतो. अशा संग्रहाची नोंद बहुधा प्रत्येक कागदाची न होता खोक्याची किंवा फोल्डरची होते. त्यामुळे एखाद्या पत्राचे शीर्षक शोधण्यापेक्षा मूळ मालकाच्या नावाने शोध घ्यावा आणि संग्रहाची वर्णनात्मक सूची मागवावी.

तरीही काही मिळाले नाही, तर विशेष संग्रह विभागाला विषय आणि कालखंड नेमकेपणाने लिहून ईमेल करावा. ही सेवा असूनही फार थोडे वाचक तिचा उपयोग करतात, हे मला अनाकलनीय वाटते. हे साहित्य सहसा घरी नेता येत नाही. वाचनकक्षात वेळ ठरवून जावे लागते आणि तेथे पेनऐवजी पेन्सिलच चालते. त्याच संग्रहाचे प्रदर्शन जाहीर झाले असेल, तर भेटीची तारीख ठरवण्यापूर्वी अवश्य चौकशी करावी, कारण काचपेटीत मांडलेली पाने प्रदर्शन संपेपर्यंत वाचकांना दिली जात नाहीत.