'दानत'चा दानाशी संबंध काय?

नाशिकरोडच्या एका वाचकाचा प्रश्न: रामकुंडावर पुण्यासाठी, किंवा भिंतीत नावाची फरशी बसावी म्हणून, कुणी दान केलं तर त्याची दानत मोठी म्हणावी, की हेतू आला म्हणजे ती उणावते?

आधी 'शेठजींची दानत मोठी, पाच लाख दिले' हे वाक्य बंद करा. सत्कारासत्काराला ऐकून कान किटले. मोठी असते ती रक्कम. दानत चांगली नाहीतर वाईट असते. दुधात पाणी न घालणाऱ्या गवळ्याची दानत चांगली, मग त्याने जन्मात कुणाला दमडी दिलेली नसो.

कारण या शब्दात दान नाहीच. मूळ अरबी 'दियानत', म्हणजे सचोटी, धर्मनिष्ठा. फारसीतून येता येता तिची दयानत आणि मग दानत झाली. हरकत, बरकत, मेहनत यांच्याच गोतातली, म्हणून स्त्रीलिंगी. 'दान'ला 'त' लावून दानत झाली असं ठासून सांगणाऱ्या पंडितांनी तो 'त' प्रत्यय कुठल्या व्याकरणात आहे तेही सांगावं. भाषाशुद्धीवालेही हिच्या वाटेला जात नाहीत. चेहरा संस्कृत ना!

खरी गंमत पुढेच आहे. दियानतचं नातं 'दीन'शी, म्हणजे धर्माशी (दीनदुबळ्यांतला दीन संस्कृत, तो निराळा). आणि त्याच धातूतला 'दैन' म्हणजे कर्ज! माझं मत असं की दानत ही मुळात ऋणकोची सचोटी, घेतलेलं फेडण्याची वृत्ती. आपल्याकडची देवऋण, पितृऋण ही कल्पना दुसरं काय सांगते? मराठीत तर 'देवाचं देणं' ही देणगी आणि 'सावकाराचं देणं' हे कर्ज, शब्द एकच. धर्मवाचक दीन इराणच्या जुन्या पहलवी भाषेतून आला, कर्जाशी त्याचा संबंध नाही, असं काही अभ्यासक म्हणतात. म्हणोत.

हां, हेतू. संकल्प सोडताना गुरुजी 'फलप्राप्त्यर्थम्' असं खणखणीत म्हणवून घेतात, त्यात चोरी कसली? गीता (१७.२१) फळावर डोळा ठेवून दिलेल्या दानाला राजस ठरवते, पायरी उतरवते, पण दानातून बाद करत नाही. तेव्हा पुण्यासाठी देणाऱ्याची दानत शाबूत. फरशीवाल्यानेही मजुरांची मजुरी वेळेवर चुकती केली असेल, तर त्याला दानतीचा माणूस खुशाल म्हणा. फक्त 'मोठ्या दानतीचा' म्हणू नका.