सोसायटीच्या साफसफाईचं केमिकल छोट्या कौटुंबिक कारखान्यातून थेट घ्यावं का?

घ्या की! पण आधी एसडीएस मागा, म्हणजे मालात काय आहे आणि अंगावर उडालं तर काय करायचं, याचा कागद. तो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याचा माल नको. वसई-अंबरनाथकडच्या बापलेकांच्या कारखान्यांत बरं हे, की फोन बहुधा मालकच उचलतो.

हायपोक्लोराईट (जंतू मारणारं ब्लीच, बोलीत ‘हायपो’) मात्र तारीख बघून, थोडं थोडंच घ्या. मुंबईच्या उकाड्यात त्याचा जोर भराभर उतरतो; वर्षाचा साठा स्वस्तात पडला तरी पैसे पाण्यात. लॉबीत संगमरवर असेल तर ॲसिडवालं क्लीनर अजिबात नको, चकाकी जाते ती पॉलिशशिवाय परत येत नाही. आणि हायपो व ॲसिड एकत्र झालं की विषारी क्लोरीन निघतो, हे सफाईवाल्या मावशींना तोंडी सांगा. लेबल बहुतेक वेळा इंग्रजीतच असतं.