वाचकांचे प्रश्न : शहर, गाव आणि मतांचे वजन

प्रश्न : अनेक देशांच्या निवडणूक निकालांच्या नकाशात मोठी शहरे एका रंगाची आणि भोवतालचा मुलूख दुसऱ्या रंगाचा दिसतो. गावातला माणूस मुळातच परंपरावादी आणि शहरातला मुळातच सुधारणावादी असतो, असे यावरून म्हणावे का?

उत्तर : तसे म्हणता येणार नाही. अमेरिकेत १८९२ साली पीपल्स पार्टी या नव्या पक्षाने रेल्वे सरकारच्या मालकीची व्हावी आणि जास्त उत्पन्नावर चढत्या दराने आयकर लागावा, अशा त्या काळात जहाल वाटणाऱ्या मागण्या केल्या. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिच्या उमेदवाराला, जेम्स वीव्हर यांना, दहा लाखांहून अधिक मते पडली आणि त्यांनी कॅन्सस राज्य जिंकले. हा पक्ष कारखान्यांतल्या कामगारांनी उभारलेला नव्हता; रेल्वेच्या मालवाहतुकीच्या दरांनी आणि कर्जाने गांजलेले शेतकरी हा त्याचा कणा होता. आज तेच कॅन्सस उजव्या पक्षाचा हक्काचा प्रदेश मानले जाते. पश्चिम बंगालमध्येही १९७७ ते २०११ या काळात डाव्या आघाडीचा खरा आधार कोलकात्यापेक्षा खेड्यांतच होता. जमीन तीच राहते आणि राजकारण पालटते, त्यामुळे कारण मातीत शोधण्यात अर्थ नाही.

मग आज दिसणारा फरक येतो कुठून? त्यातला बराचसा भाग वय आणि शिक्षण यांचा असतो. शिकण्यासाठी आणि नोकरीसाठी तरुण मुले-मुली शहर गाठतात, मागे राहणाऱ्यांचे सरासरी वय वाढत जाते, आणि एकाच कुटुंबातली वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या शिक्षणाची माणसे नकाशावर दोन रंगांत विभागली जातात. शिवाय असा नकाशा क्षेत्रफळ रंगवतो, माणसे नव्हे. साठ विरुद्ध चाळीस टक्क्यांनी निकाल लागलेला तालुका त्यात पूर्णपणे एकाच रंगाचा होतो आणि ते चाळीस टक्के लोक नाहीसेच होतात. ब्रिटनमधील २०१६ च्या सार्वमतात लंडनच्या सुमारे ६० टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला आणि इंग्लंडच्या ग्रामीण भागाने बहुतांशी बाहेर पडण्याचा, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच दिवशी स्कॉटलंडच्या सर्वच्या सर्व ३२ स्थानिक विभागांनी, अगदी विरळ वस्तीच्या डोंगराळ भागांनी आणि बेटांनीही, राहण्याच्या बाजूने बहुमत दिले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

प्रश्न : कर मुख्यतः शहरांतून गोळा होतो, तरी शहरे आपल्याला लुटतात अशी तक्रार ग्रामीण लोक करतात. यात खरे कोण?

उत्तर : दोघेही आपापला हिशेब खरा मांडतात, पण दोघांच्या वह्या वेगळ्या आहेत. संपन्न देशांत ग्रामीण भागावरचा दरडोई सरकारी खर्च अनेकदा शहरापेक्षा जास्त असतो, कारण विरळ वस्तीत रस्ता, टपाल, वीज, शाळा सारेच माणशी महाग पडते. गाव मात्र असे विचारते, की ज्यांना आम्ही वाढवले आणि शिकवले ते कमावते झाल्यावर कर शहरात भरतात, ती रक्कम कोणाच्या नावावर जमा धरायची? गरीब देशांत तर लुटीची तक्रार पुष्कळदा शब्दशः खरी ठरली आहे. घानात सरकारी मंडळाने कोको उत्पादकांना जागतिक भावापेक्षा बराच कमी भाव देऊन मधली रक्कम ठेवून घेतली. चीनमध्ये १९५३ पासून धान्याची सक्तीची सरकारी खरेदी सुरू झाली आणि १९५८ च्या नियमांनी शेतकऱ्याला परवानगीशिवाय शहरात स्थायिक होण्याचीही मुभा उरली नाही.

तरीही राजकारण पेटते ते केवळ पैशावरून नव्हे. फ्रान्सचे २०१८ चे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी जुलैत दुभाजक नसलेल्या दुय्यम रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी ९० वरून ८० किलोमीटर करण्यात आली, आणि पर्यावरणाच्या कारणासाठी इंधनावरचा, विशेषतः डिझेलवरचा, कर वाढवण्याचे ठरले. मेट्रोने कामावर जाणाऱ्या पॅरिसकराला दोन्ही निर्णय शहाणपणाचे वाटू शकत होते. पण जिथे जवळचे रेल्वे स्थानक किंवा रुग्णालय बंद होऊन वर्षे लोटली होती, कामाचे ठिकाण दूर होते, आणि डिझेलची गाडी घ्या असे आधीच्या सरकारांचे करधोरणच वर्षानुवर्षे सुचवत आले होते, तिथे हाच कर शिक्षेसारखा वाटला. १७ नोव्हेंबरला लोक प्रत्येक मोटारीत सक्तीने ठेवाव्या लागणाऱ्या पिवळ्या जाकिटांसह रस्त्यावर उतरले आणि त्यांनी गावाबाहेरचे वाहतुकीचे गोल चौक अडवले. डिसेंबरात सरकारने ती करवाढ मागे घेतली. आंदोलकांत पर्यावरणाचे शत्रू फारसे नव्हते. आपल्या रोजच्या जगण्याचा निर्णय अशा माणसांनी घेतला ज्यांना त्याची झळ लागणारच नव्हती, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता, आणि माझ्या मते तो रास्त होता. (आंदोलनाने नंतर घेतलेले हिंसक वळण रास्त होते, असा याचा अर्थ नाही.)

प्रश्न : मग ग्रामीण मताला अधिक वजन देणे न्याय्य ठरेल का?

उत्तर : हे वजन अनेक ठिकाणी आधीच दिलेले आहे, आणि कित्येकदा ते कोणी ठरवून दिलेलेही नसते. समजा, सारख्या लोकसंख्येचे दहा मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकात शंभर मतदार आहेत. शहरातल्या तीन मतदारसंघांत एका पक्षाला प्रत्येकी ८० मते पडली आणि उरलेल्या सात ग्रामीण मतदारसंघांत त्यालाच प्रत्येकी ४५ मते पडली. एकूण हजारांपैकी ५५५ मते मिळवूनही तो पक्ष तीनच जागा जिंकतो, कारण त्याचे मतदार एका जागी दाटीने राहतात आणि त्यांची जास्तीची मते वाया जातात. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडण्याच्या पद्धतीचा हा परिणाम आहे. मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीत तो फारसा उरत नाही.

ठरवून दिलेल्या वजनाचे नमुने याहून ठळक आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेतल्या वायोमिंग या विरळ वस्तीच्या राज्याची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास, तर कॅलिफोर्नियाची जवळपास चार कोटी. सेनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, दोन्ही राज्यांना दोनदोनच जागा आहेत. नॉर्वेत जिल्ह्यांना जागा वाटताना प्रत्येक रहिवाशाला एक गुण आणि प्रत्येक चौरस किलोमीटरला १.८ गुण धरले जातात. याउलट, लोकप्रतिनिधी हे माणसांचे प्रतिनिधी असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हेत, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी १९६४ साली राज्यांच्या विधिमंडळांविषयी स्पष्टपणे बजावले. ब्रिटनमध्ये १८३२ च्या सुधारणेपर्यंत ओल्ड सेरम या जवळजवळ ओसाड जागेला दोन खासदार होते आणि मँचेस्टरसारख्या वाढत्या औद्योगिक शहराला स्वतःचा एकही नव्हता, हे लक्षात घेतले तर वॉरन यांची बाजू मला अधिक पटते.

जास्तीच्या जागांनी ग्रामीण भागाला संसदेत अडवण्याची ताकद मिळते, पण बंद झालेली बससेवा तेवढ्याने सुरू होत नाही. शाळा किती अंतरावर असावी, दवाखाना कोणत्या तासांत उघडा राहावा, कोणता मार्ग तोट्यातही चालवावा, हे ठरवण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारा निधी स्थानिक संस्थांच्या हाती असेल, तर मताचे वजन वाढवण्याची मागणी बरीच सौम्य होईल, असे मला वाटते. शहरातल्या मतदाराचे मत हलके करून ही उणीव भरून काढू पाहिली, तर तक्रार करणारा फक्त बदलेल.