औषध देताना चूक झाली, पेशंटला काही झालं नाही. तरी सांगावं का?

तुम्ही लिहिलंय की नाइटला सात नंबरच्या बेडवरच्या पेशंटचं सेफ्ट्रायाक्झोन हे अँटिबायोटिक इंजेक्शन नऊ नंबरला लागलं. संध्याकाळी बेड बदलले होते आणि ते ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरकडे काम सोपवताना, सांगायचं राहून गेलं. सकाळी घरी गेल्यावर तुमच्या लक्षात आलं. पेशंटला त्रास नाही, कुणाला कळलेलं नाही, नोकरीला आठच महिने झालेत. आता सांगावं की गप्प बसावं?

सांगा. आणि आत्ता फोन करून सांगा, पुढच्या ड्युटीची वाट बघू नका. मी पुण्यात २२ वर्षं नर्सिंग करतेय, त्यातली ९ वर्षं इनचार्ज, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर म्हणून. तुमच्या जागी मी एकदा उभी होते आणि तेव्हा गप्प बसले होते, म्हणून इतकं ठामपणे लिहितेय.

आधी पेशंटचं बघू. ‘काही झालं नाही’ असं आपण फार लवकर म्हणून टाकतो. नऊ नंबरच्या फाइलवर अ‍ॅलर्जीचा रकाना बघितलात का? पुरळ कधी कधी दोन-तीन दिवसांनीही उठतं. तेव्हा त्या फाइलवर हे इंजेक्शन दिसलंच नाही, तर डॉक्टर भलतंच कारण शोधत बसतील. आणि सात नंबरचं काय? त्यांच्या चार्टवर तुमची सही आहे, म्हणजे कागदावर त्यांना डोस मिळालाय. ताप उतरला नाही तर राउंडला डॉक्टर म्हणतील, हे अँटिबायोटिक लागू पडत नाही, बदला. चूक एक आहे पण पेशंट दोन आहेत, आणि आत्ता या क्षणी दोघांच्याही फाइल चुकीचं सांगताहेत. त्या दुरुस्त करणं फक्त तुमच्या हातात आहे, कारण हे माहीत असलेल्या तुम्ही एकट्याच आहात.

आता माझं सांगते. नोकरीचं चौथं वर्ष होतं, मेडिकल वॉर्डची नाइट, आम्ही दोघी आणि २८ पेशंट. एक आजोबा सासवडहून आले होते. त्यांचं इन्सुलिन घरून आणलेलं, पेनमध्ये घालायची काचेची कार्ट्रिज. पेन घरी राहिला होता. ऑर्डर होती १६ युनिटची. मी ट्रेमधली नेहमीची लाल टोपणाची सिरिंज घेतली, कार्ट्रिजमध्ये सुई घातली, १६ च्या रेघेपर्यंत औषध ओढलं आणि दिलं.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी जरा थांबून सांगते, कारण हे आजही घडू शकतं. आपल्याकडे इन्सुलिनची वायल (छोटी बाटली) बहुतेक वेळा एका मिलीला ४० युनिटची असते आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाची असते. पेनची कार्ट्रिज मात्र मिलीला १०० युनिटची. लाल सिरिंजवर १६ ची रेघ म्हणजे ०.४ मिली. त्यात ४० चं इन्सुलिन असेल तर १६ युनिट बरोबर. १०० चं असेल तर तेवढ्याच ०.४ मिलीत ४० युनिट, म्हणजे अडीचपट डोस. उलट झालं, ४० ची वायल आणि १०० ची केशरी टोपणाची सिरिंज, तर २० युनिट म्हणून दिलेले प्रत्यक्षात ८ च जातात. सिरिंज हातात घेतली की डोळा रेघ बघतो, टोपणाचा रंग बघत नाही.

पहाटे तीनला आजोबांचा नातू धावत आला, म्हणाला, ‘सिस्टर, बाबा घामाने भिजलेत, काहीतरीच बोलताहेत.’ शुगर निघाली ४१. आरएमओ (हॉस्पिटलमधले ड्युटीचे डॉक्टर) आले, शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज दिलं, पाऊण तासात आजोबा उठून बसले आणि मला म्हणाले, ‘पोरी, तुला झोपेतून उठवलं का गं?’ सकाळी फ्रिज आवरताना ती कार्ट्रिज हातात आली, तिच्यावरचा १०० चा आकडा दिसला आणि माझे पाय लटपटले. नोट्समध्ये मी लिहिलं होतं, शुगर कमी झाली, डॉक्टरांना कळवलं. ते खरंच होतं. का कमी झाली ते मी लिहिलं नाही. नंतरही नाही.

सहा आठवड्यांनी त्याच वॉर्डात, दुसऱ्या पेशंटला, दुसऱ्या सिस्टरकडून अगदी हेच झालं. पेशंट आयसीयूत गेला, सुदैवाने वाचला. त्या सिस्टरला ‘इतकं साधं कळत नाही?’ म्हणून सगळ्यांसमोर झापलं आणि महिन्याच्या आत तिला जावं लागलं. मी तिथेच ट्रे लावत उभी होते. मी सहा आठवडे आधी तोंड उघडलं असतं तर फ्रिजवर एक चिठ्ठी लागली असती: कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढू नये. तेवढ्याने काम भागलं असतं. इनचार्ज झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ती चिठ्ठी लावली. त्या सिस्टरची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

तुमच्याही गोष्टीत तुमची घाई हे एकच कारण नाही. बेड बदलल्यावर बोर्डवरचं नाव कुणी बदललं? औषधांचे ट्रे बेड नंबरने लावतात की नावाने? हाताला नावाचा पट्टा होता का? तुम्ही सांगितलंत तर हे प्रश्न विचारले जातील. नाही सांगितलंत तर पुढच्या वेळी बेड बदलतील तेव्हा पुन्हा कुणीतरी सापडेल.

आपल्यात जाणीव कमी पडते ती इथेच. पेशंटला इजा झाली तरच चूक, असं बहुतेकांना वाटतं. नर्सिंग शिकताना बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग, बरोबर वेळ हे पाठ केलेलं असतं. पण राहिलेला डोस, तीन तास उशिरा गेलेला डोस, जास्त वेगाने गेलेलं ड्रिप हे कुणी चूक म्हणून मोजत नाही. जगभर वापरली जाणारी एक वर्गवारी आहे, ‘ए’ पासून ‘आय’ पर्यंत. ‘ए’ म्हणजे चूक अजून झालेली नाही पण होईल अशी परिस्थिती आहे. उदाहरणार्थ, डोपामिन आणि डोब्युटामिन ही मिळत्याजुळत्या नावांची दोन वेगळी औषधं एकाच कप्प्यात शेजारी ठेवलेत. ‘बी’ म्हणजे चूक झाली पण पेशंटपर्यंत पोचायच्या आत सापडली. ‘सी’ म्हणजे पोचली पण इजा नाही. शेवटचा ‘आय’ म्हणजे मृत्यूला कारणीभूत ठरलेली चूक. तुमची ‘सी’ आहे. इजा नाही याची खात्री करायला पेशंटवर लक्ष ठेवावं लागलं तर ‘डी’. नऊ वर्गांपैकी पहिल्या चारांत इजाच नाही, तरी ते नोंदवायचे असतात. माझ्या वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये महिनाभर एकही नोंद नसली तर मला काळजी वाटते, आणि मेट्रनलाही (सगळ्या नर्सेसच्या प्रमुख) मी हेच सांगते.

नोकरीचं विचारलंत. जाणारच नाही असं वचन मी देऊ शकत नाही. ओरडा बसेल, कदाचित लेखी खुलासा मागतील. पण एनएबीएच या हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाची मान्यता असलेल्या हॉस्पिटलला औषधांच्या चुका नोंदवून त्यांची कारणं शोधावीच लागतात, म्हणजे तुमचा फॉर्म त्यांनाही हवा असतो. पोलीस केसची भीती असेल तर, सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलंय की वैद्यकीय कामातला निष्काळजीपणा फौजदारी गुन्हा ठरायला तो फार गंभीर स्वरूपाचा असावा लागतो. खरा धोका लपवण्यात आहे. आठ दिवसांनी कुणी औषधांचा हिशेब जुळवला आणि चार्टवर खोटी सही सापडली, तर मी इनचार्ज असूनही तुमची बाजू घेऊ शकणार नाही.

म्हणून जुन्या नोंदीवर गिरवू नका, व्हाइटनर लावू नका. एक आडवी रेघ, सही, वेळ, आणि खाली खरी नोंद. फोन आधी ड्युटीवरच्या डॉक्टरांना, मग इनचार्जना. नऊ नंबरला काही रिअ‍ॅक्शन आलीच तर त्याचा वेगळा फॉर्म असतो, राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाचा. तो २०१० पासून चालू आहे, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. फॉर्म भरला म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही, हे त्या फॉर्मवरच छापलेलं आहे. नातेवाइकांशी डॉक्टर बोलतील, तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहा.

फोन झाला की इन्सिडेंट फॉर्म भरताना ‘काय घडलं’ या रकान्यात ‘निष्काळजीपणामुळे’ वगैरे लिहू नका. किती वाजता बेड बदलले, ओव्हर कधी घेतलं, ट्रेवर काय लिहिलं होतं, एवढंच लिहा. लिहिताना अडलात तर पेशंटचं आणि हॉस्पिटलचं नाव न घेता इथे खाली विचारा. मीही आज नाइटलाच आहे, रात्री दहाच्या राउंडनंतर बघेन.