काढा ठेवण्याआधी गोळीचं पाकीट बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की वडील 62 वर्षांचे, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू, आणि खोकला तीन आठवडे झाले हटत नाही. बांधावर अडुळसा आहे, लिंबावर गुळवेल चढलीय, आणि चुलते म्हणतात दुधात बिब्बा द्या. लातूरला गंजगोलाईजवळ आमचं काष्ठौषधीचं दुकान होतं. मी पुड्या बांधतच मोठा झालो, त्यामुळे तिन्हींबद्दल सांगतो. पण आधी पाल्याशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी.

दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला की थुंकी तपासून घ्यायची. सरकारी दवाखान्यात फुकट होते. शुगर असलेल्या माणसाला टीबी लवकर गाठतो. दुसरं, बीपीच्या गोळीचं पाकीट उलटून बघा. एनालाप्रिल, रामिप्रिल असं काही लिहिलेलं असेल आणि खोकला कोरडा असेल, तर तो त्या गोळीचाच असू शकतो. मग अडुळशाचं अख्खं झाड पाजलं तरी थांबायचा नाही. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात.

आता अडुळसा. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही, म्हणून तर आपल्याकडे तो कुंपणाला लावतात. त्याच्या पानातलं वासिसिन श्वासनळ्या सैल करतं. मेडिकलात मिळणारं ब्रोमहेक्झिन हे कफाचं औषध ह्याच वासिसिनवरून बनवलं गेलं, म्हणजे आजीचा पाला आणि दुकानातली बाटली नात्यातलीच. चिकट कफ असेल तर उपयोग होतो. पान कच्चं कुटलं तर रस निघत नाही, नुसता चोथा हाताला लागतो. आई पिकत आलेली पानं पळसाच्या पानात गुंडाळायची, वरून ओली माती लिंपायची आणि गोळा निखाऱ्यात सारायची. माती तडकली की बाहेर काढून फडक्यातून पिळायचं. काळपट हिरवा रस निघतो, कडूजहर. तव्यावर पानं वाफवूनही काम भागतं. वरून मध घालतात, तो शुगरमध्ये मोजा. बाटलीतल्या अडुळशातही बहुतेकदा साखरच असते. आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला अडुळसा अजिबात नको, गर्भाशय आकुंचन पावतं.

जाता जाता, काढ्यात ज्येष्ठमध टाकू नका. घशाला गोड लागतो, पण रोज घेतला तर बीपी चढवतो.

गुळवेल खोकल्यासाठी कशाला हवी? ती शुगर खाली आणते, वर गोळी चालूच आहे. दोन्ही मिळून घाम फुटून चक्कर येऊ शकते. कोरोनाच्या काळात लोकांनी महिनोन् महिने काढे ढोसले, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, दोष गुळवेलीचा नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा. वाद बाजूला ठेवा, वेल मात्र नीट बघा. त्या दुसरीच्या खोडावर गाठीच गाठी असतात आणि चीक दुधाळ निघतो. तसं दिसलं तर हातही लावू नका. आणि कधी यकृताचा त्रास झाला असेल तर खरी गुळवेलही नको.

बिब्ब्याला माझा सरळ नकार आहे. सुईला टोचून दिव्यावर धरतात आणि तेलाचे थेंब दुधात पाडतात, हे मी लहानपणापासून बघितलंय. पण वैद्य बिब्बा आधी विटेच्या भुकटीत घोळून शुद्ध करतात, त्याशिवाय वापरत नाहीत. मी आठवीत असताना दुकानात उघड्या हाताने बिब्बे फोडले आणि तोच हात तोंडावरून फिरवला. सकाळी डोळे उघडेनात. आठ दिवस खोबरेल लावून पडून होतो, शाळा बुडाली ती वेगळीच. जे तेल कातडीचं हे करतं, ते आजारी म्हाताऱ्या माणसाच्या घशाखाली कशाला उतरवायचं? चुलत्यांना सांगा, बिब्बा टाचेच्या भेगांपुरता ठेवा, आणि तिथेही जपून.

पाकिटावरचं नाव आणि खोकला कोरडा की कफाचा, एवढं इथे टाका. थुंकी उद्याच द्या.